माटुंग्याला खायला जायचंय? मला सतत विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं

पाच वर्षं कॉलेज माटुंग्यात, म्हणजे मुंबईतल्या साऊथ इंडियन खाण्यासाठी प्रसिद्ध भागात काढलं, त्यानंतर राहायला डोंबिवलीला गेलो तरी महिन्यातून एकदा तरी पाय तिकडे वळतातच. त्यामुळे घरात, ऑफिसमधे, बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर, सगळीकडे मीच माटुंग्याचा एक्सपर्ट. दर शनिवारी कोणीतरी फोन करून तेच विचारतं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय, आता फोन आला की हेच पाठवणार.

माटुंगा म्हणजे नक्की कुठला भाग? वेस्ट की ईस्ट?

ईस्ट. सेंट्रल लाइनच्या माटुंगा स्टेशनला उतरून पूर्वेला बाहेर पडायचं. स्लो लोकलच थांबते, फास्टमधे बसलात तर दादरला उतरून उलटं या. वेस्टर्नवाल्यांनी माटुंगा रोडला उतरून झेड ब्रिजवरून चालत यायचं आणि हार्बरवाल्यांना तर किंग्ज सर्कल स्टेशन आहेच. स्टेशन ते किंग्ज सर्कलची बाग, म्हणजे कागदोपत्री महेश्वरी उद्यान, एवढ्या पट्ट्यात सगळं येतं, निवांत चाललात तरी दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. जाता जाता सांगतो, माटुंगा हे देशातलं पहिलं स्टेशन जिथे २०१७ पासून सगळा स्टाफ बायकांचा आहे. माझ्या आईला त्या स्टेशनचं खाण्यापेक्षा जास्त कौतुक आहे.

एवढे साऊथ इंडियन लोक तिथेच कसे काय आले?

प्लेगनंतर १८९८ मधे मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्यांनी गर्दीच्या शहराबाहेर दादर-माटुंगा-वडाळा-सायन असा आखीव भाग वसवायला घेतला. रुंद रस्ते, झाडं, बागा, बसक्या बिल्डिंगी. तेव्हा मुंबईत ऑफिसांमधे, रेल्वेत नोकरीला येणारे तमिळ, मल्याळी, कानडी लोक इथे भाड्याने राहायला लागले, मग त्यांची देवळं आली, शाळा आल्या (साऊथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ ची), फुलवाले आले आणि एकट्या राहणाऱ्या कारकुनाला दोन वेळचं घरच्यासारखं जेवण पाहिजे म्हणून खाणावळी आल्या. हे लक्षात ठेवा, कारण माटुंग्याच्या हॉटेलांचा स्वभाव यातच आहे. ही हॉटेलं फिरायला आलेल्यांसाठी निघालेलीच नाहीत, रोज जेवणाऱ्या माणसासाठी निघाली, म्हणून भाव बेताचे, मेनू ठरलेला आणि लाड कमी.

दादा, एकाच ठिकाणी जायचं असेल तर कुठे जाऊ?

एकाच ठिकाणी जाऊच नकोस ना! लोक तासभर लाइनमधे उभे राहतात आणि मग एवढा वेळ घालवलाय तर वसूल करू म्हणून एकाच टेबलावर इडली, वडा, डोसा, उत्तप्पा, उपमा सगळं मागवून फुगून बाहेर पडतात. मग बाकीचा माटुंगा बघायचा राहतो. माझी पद्धत म्हणजे दोघांत एक प्लेट, एका ठिकाणी दोन पदार्थ, उठायचं, चालायचं, पुढच्या ठिकाणी परत दोन पदार्थ. तीन ठिकाणं आरामात होतात आणि दोघांचे मिळून पाचशेच्या आसपास जातात. पाचशेत एखाद्या मॉलमधे दोन कॉफ्या येतात, त्या पण कागदाच्या कपात.

मग सुरुवात कुठून?

स्टेशनमधून बाहेर पडलात की लगेच राम आश्रय. १९३९ पासून आहे, पहाटे उघडतं, आणि सकाळी सहा-साडेसहाला गेलात तर मॉर्निंग वॉकवाले आजोबा, नाइट शिफ्ट संपवून आलेली पोरं, देवळातून आलेल्या आज्जी, सगळे एकाच टेबलावर. हो, टेबल शेअर करावं लागतं, चार खुर्च्यांवर दोघं बसलात तर समोर अनोळखी दोघं येऊन बसणारच, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. उलट मी तर समोरच्याच्या प्लेटमधे बघून ऑर्डर देतो.

इथे तुप्पा डोसा मागवा. तुप्पा म्हणजे दुसरं काही नाही, कानडीत तूप. आपण तूप म्हणतो, ते तुप्प म्हणतात, शेजारधर्म! डोसा कडेला कुरकुरीत, मधे मऊ, आणि प्लेट खाली ठेवायच्या आधी वास येतो. रसम वडा पण घ्या, वडा रसममधे आधीच बुडवून आलेला असतो, कुरकुरीत वडा पाहिजे असेल त्यांनी साधा मेदूवडा घ्यावा आणि उगाच तक्रार करू नये.

मामा, पण डेझर्टचं काय? आम्हाला गोड पाहिजे!

हा प्रश्न माझ्या भाचीचा, आणि दर वेळी असतो. तर ऐक. माटुंग्यात गोड शेवटी खायचं असा काही नियम नाही, इथे शिरा आधी येतो. राम आश्रयमधे शिऱ्याचा फ्लेवर बदलत राहतो, अननस असतो, आंब्याच्या दिवसात आंबा असतो, कधी बटरस्कॉच सुद्धा बघितलाय (तो मला पटलेला नाही, पण माझ्या भाचीने दोन प्लेट संपवल्या). बाहेर बोर्डावर आज काय आहे ते लिहिलेलं असतं, आत शिरायच्या आधी वाचा. अननसाचा असेल तर डोळे मिटून घ्या. आपल्याकडे सत्यनारायणाला केळं घालून करतात त्या प्रसादाच्या शिऱ्याची सर कशालाच नाही हे मला मान्य आहे, पण हा त्याच्या जवळपास येतो, तूप सुटलेलं असतं आणि रवा दातात लागत नाही.

शिऱ्यानंतर गोडात माझा दुसरा नंबर नीर डोशाचा, आणि हे ऐकून लोक हसतात. कॅफे मद्रासला नीर डोसा मिळतो, पांढरा, पातळ, जाळीदार, तांदळाचा, आणि त्याच्याबरोबर गूळ-खोबरं येतं. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, आपल्या घावन आणि गूळ-खोबऱ्याचा हा सख्खा मावसभाऊ आहे. माझी सासू मालवणची, तिने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अरे हे तर आमचंच!" मग अख्खी प्लेट तिनेच संपवली.

म्हैसूरपाकाबद्दल दोन पार्ट्या आहेत, एक जाळीदार कडक खाणारी आणि एक तुपात निथळणारा मऊ खाणारी. मी कडकवाला. दुकानदाराला आधी विचारून घ्या कुठला आहे, नाहीतर घरी नेऊन भांडणं होतात. आणि माटुंग्यात कच्छी वस्ती पण भरपूर आहे हे लोक विसरतात, थंडीत कच्छी दुकानांमधे अडदिया दिसला तर पाव किलो उचला, उडदाच्या पिठाचा, तुपाचा, मसाल्याचा असतो, एक वडी खाल्ली की दुपारचं जेवण रद्द.

बाकी आइस्क्रीम, वॉफल, लाव्हा केक वगैरे पाहिजे असेल तर ते तुमच्या घराजवळ पण मिळतं, त्यासाठी लोकलचे धक्के खाऊ नका.

कॅफे मद्रासची एवढी हवा आहे, ती खरी आहे का?

खरी आहे. १९४० पासूनचं आहे, किंग्ज सर्कलला, आणि रविवारी सकाळी नऊनंतर गेलात तर बाहेर फुटपाथवर लग्नाचं वऱ्हाड उभं आहे असं वाटतं. बाहेर एक माणूस वहीत नावं लिहून घेतो, पहिल्यांदा त्याला शोधा आणि नाव लिहा, मग फोटो काढा. मी स्वतः नवीन होतो तेव्हा वीस मिनिटं नुसता उभा होतो आणि माझ्यामागून आलेले लोक आत जाऊन हात पुसत बाहेर आले. त्यानंतर ही चूक कधी केली नाही.

आत गेल्यावर काय? पोडी इडली (डाळ-मिरचीची कोरडी चटणी लावलेली), रसम इडली आणि नाचणी आवडत असेल तर रागी मसाला डोसा. रागी म्हटलं की पथ्याचं वाटतं पण इथे ते तसं लागत नाही. मसाला डोसा मागवलात तरी चालेल, पण तो सगळीकडेच मिळतो. कधी फणसाच्या पानात उकडलेली इडली मिळाली तर सोडू नका, तिला खोट्टो म्हणतात. कोकणी सारस्वतांच्या घरातला प्रकार आहे, गोव्यात आणि मंगळूरकडे होतो, पानाचा जो वास इडलीत उतरतो तो साध्या इडलीपात्रात कुठून येणार.

सोमवारी बंद असतं. परत लिहितो, सोमवारी बंद. मी पुण्याहून आलेल्या मावशीला ठाण्याहून दुपारच्या उन्हात घेऊन गेलो तेव्हा सोमवार होता. चूक सगळी माझी होती, पण मावशी अजून दर दिवाळीला काढते.

केळीच्या पानावरचं जेवण कुठलं?

रामा नायक. अ. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ चं, माटुंगा स्टेशनला लागूनच मार्केटच्या बिल्डिंगमधे वरच्या मजल्यावर. बोर्डिंग या शब्दावरून कळतं ना, की हे मूळचं मेंबरांना जेवू घालणारं ठिकाण. साधी थाळी स्वस्तात होते आणि पानावरचं जेवण जास्त पैशात, पण पानावर बसलात तर वाढपी परत परत येत राहतात, भात, सांबार, रसम, भाज्या, पापड, ताक, गोड. भूक असेल तरच पानावर बसा, नुसता फोटो काढायला बसू नका, पानात टाकलेलं बघून तिथल्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि बरोबरच आहे ते.

जेवणाचा क्रम आपल्यासारखा नाही. आपण वरण-भात आधी खातो आणि ताक-भाताने संपवतो, इथे सांबार-भात, मग रसम-भात, मग दही किंवा ताक-भात. म्हणजे शेवट सारखाच आहे! रसम वाटीत घेऊन प्यायला तरी कोणी हसत नाही.

एक प्रॅक्टिकल गोष्ट, जिना आहे. गुडघेदुखीवाल्यांना आधी सांगून न्या. आणि हे पण सोमवारी बंद असतं, दुपारी ठराविक वेळेतच जेवण मिळतं, साडेतीनला पोचून दार वाजवू नका.

सांबार गोड का लागतं? चुकून साखर पडलीय का?

नाही हो. उडिपी पद्धतीच्या सांबारात गूळ असतो, जसा आपल्या चिंच-गुळाच्या आमटीत असतो. तमिळ सांबार जास्त आंबट-तिखट असतं. ज्यांना गोडसर चालत नाही त्यांनी रसमकडे जावं. मला विचाराल तर गोडसर सांबारात इडली पूर्ण बुडवून दोन मिनिटं तशीच ठेवायची आणि मग चमच्याने खायची, यापुढे काही नाही.

कॅफे म्हैसूर, आनंद भवन, आर्य भवन... यातलं कुठलं भारी?

भारी-बिरी काही नाही, ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. कॅफे म्हैसूर १९३६ चं म्हणजे कॅफे मद्रासपेक्षा पण जुनं, किंग्ज सर्कललाच. जवळच्या केमिकल टेक्नॉलॉजीच्या इन्स्टिट्यूटमधे शिकलेल्या मुकेश अंबानींना इथली इडली आवडते हे तुम्हाला माटुंग्यातला कोणीही न विचारता सांगेल. म्हणजे बघा, देशातल्या सगळ्यात श्रीमंतांपैकी एक माणूस आणि मी, नाश्त्याच्या बाबतीत एका लायनीत.

कॅफे मद्रासची लाइन बघून धीर सुटला तर इकडे या, एवढं साधं गणित आहे. आर्य भवन स्टेशनच्या समोर, त्यातल्या त्यात नवीन, बसायला जरा ऐसपैस. पाहुण्यांमधे कोणी पाठदुखीवाले, कोणी लहान मूल असेल तर मी तिकडे नेतो. रुइया-पोदार कॉलेजच्या पोरांना विचारलंत तर ती डीपीजचं नाव घेतील, म्हणजे दुर्गा परमेश्वरी, ती आमची कॉलेजातली बँक होती, खिशात चाळीस रुपये असले तरी काहीतरी मिळायचं.

हे सगळं शाकाहारीच आहे. नॉनव्हेज खाणाऱ्यांनी काय पाप केलंय?

काही नाही, किंग्ज सर्कलला कुलार अँड कंपनी नावाचं इराणी आहे, १९३२ चं, म्हणजे या सगळ्यांच्या आधीचं. काळपट लाकडी खुर्च्या, बन मस्का, ब्रून मस्का, चहा, आणि अंड्याचे प्रकार. रेसलर ऑम्लेट म्हणून एक आहे, नावाप्रमाणेच आहे, एकट्याने मागवू नका. मासे पाहिजेत तर सरळ दादर किंवा माहीम गाठा, माटुंग्यात त्यासाठी वेळ घालवू नका.

कॉफी कुठे प्यायची?

वरच्या कुठल्याही उडिप्यात. ग्लास आणि वाटी येते, वाटीला दावरा म्हणतात, कॉफी एकातून दुसऱ्यात ओतत गार करायची आणि फेस आणायचा. अंगावर सांडते, पहिल्यांदा सगळ्यांचीच सांडते. साखर आधीच घातलेली असते बऱ्याचदा, नको असेल तर ऑर्डर देतानाच सांगा.

घरी न्यायला पावडर घ्या. मार्केटमधे कॉफीची जुनी दुकानं आहेत, पन्नास पावलं आधीच वास येतो. तिथे विचारतील चिकोरी (कॉफीत मिसळतात ती एका मुळाची भाजलेली पूड) किती. घाबरू नका. चिकोरी जास्त म्हणजे रंग गडद, कॉफी दाट आणि भाव कमी, चिकोरी नाही म्हणजे कॉफीचा स्वतःचा आंबूस-कडू वास. नवीन असाल तर ऐंशी-वीस सांगा, म्हणजे ऐंशी टक्के कॉफी. आणि फिल्टरचं भांडं नसेल तर ते आधी घ्या, चहाच्या गाळणीतून काढलेली फिल्टर कॉफी मी पण पिऊन बघितलीय, माती लागते.

खाऊन झाल्यावर टाइमपास काय?

मार्केट! भंडारकर रोडच्या बाजूला फुलवाल्यांची ओळ आहे, मोगऱ्याचे, अबोलीचे गजरे तिथेच बसून ओवत असतात, देवळात जाणाऱ्या बायका डझनाने घेतात. भाजीवाल्यांकडे शेवग्याच्या शेंगा, केळफूल, सुरण, कच्ची केळी, कच्चा फणस, हिरवागार कढीपत्ता, आणि केळीची पानं तर रोजच. ज्यांना घरी केळफुलाची भाजी करायची हौस आहे (साफ करायला एक तास लागतो, हौस टिकली तर बघा) त्यांनी इथूनच घ्यावं. केळ्याचे वेफर्स खोबरेल तेलात तळलेले मिळतात, मुरुक्कू मिळतात, इडली-डोशाचं तयार पीठ पण मिळतं. पलीकडे गांधी मार्केटला ड्रेस मटेरियल बघायला गेलेल्या बायका दोन तास परत येत नाहीत, त्या वेळात बाकीच्यांनी बागेत झाडाखाली बसावं.

कुठल्या दिवसात जावं? पावसात गेलं तर चालेल का?

पावसात इडली-रसम म्हणजे स्वर्ग, पण किंग्ज सर्कल आणि गांधी मार्केट म्हणजे मुंबईत पाणी तुंबलं की टीव्हीवर पहिल्यांदा दिसणारी जागा. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी असेल त्या दिवशी घरीच भजी तळा. गणपतीत मात्र जरूर जा, तिथे जीएसबी म्हणजे गौड सारस्वत ब्राह्मण सेवा मंडळाचा गणपती असतो, पाच दिवसांचा, सोन्या-चांदीने मढवलेला, त्याच्या विम्याचे आकडे दर वर्षी पेपरात येतात. त्या पाच दिवसांत खाण्याच्या ठिकाणी गर्दी किती असते ते सांगत नाही, पहाटेच जा.

दिवसांचं म्हणाल तर मंगळवार ते शुक्रवार, सकाळी आठच्या आधी. रविवारी दहाला जाणारा माणूस एकतर प्रेमात असतो नाहीतर त्याने हे वाचलेलं नसतं.

खाऊन झालं की जरा गप्पा मारत बसता येतं का?

नाही. बसलात तर कोणी काही बोलणार नाही, पण वेटर येऊन टेबल पुसायला लागेल, बिल न मागता येईल आणि मागे उभा असलेला माणूस तुमच्या मानेकडे बघत राहील. काहींना हे उद्धट वाटतं. माझ्या साल्याने तर एकदा जोरात भाषणच दिलं, गिऱ्हाईक देव असतो वगैरे. अरे पण डोसा या भावात मिळतो तो कशामुळे? एका खुर्चीवर सकाळपासून किती माणसं बसून जातात त्याच्यावर सगळं गणित आहे. तुम्ही पाऊण तास खुर्ची अडवलीत तर तो भाव कुणीतरी भरणारच. गप्पा मारायला बाग आहे, फाइव्ह गार्डन्स आहे, तिथे कितीही वेळ बसा फुकट.

येताना रिक्षा मिळते का?

नाही मिळत! सायनच्या पुढे शहरात रिक्षाला परवानगी नाही, इथे काळी-पिवळी टॅक्सी, बस नाहीतर दोन पाय. ठाणे-डोंबिवलीचे लोक दर वेळी पिशव्या हातात घेऊन रिक्षा शोधत उभे राहतात, मी लांबून ओळखतो. त्यातून पिशवीत इडलीचं पीठ असेल तर लोकलमधे मांडीवर सरळ धरा, आडवी ठेवू नका, पीठ गाडीतच फुगायला लागतं आणि कुर्ल्याच्या गर्दीत काय होतं ते मी पँटवर अनुभवलेलं आहे.